तीस टॅब, एक सॉकेट

एका वर्गाचे तीस टॅब एकदम चार्जिंगला लावले, तर सगळ्यांना मिळून लागणारी वीज ७५० वॅटच्या साध्या इस्त्रीच्या निम्म्याहून कमी असते. तरीही अनेक शाळांत टॅब लावले की एमसीबी पडतो, एक्स्टेन्शन बोर्डाला करपल्याचा वास येतो. संध्याकाळी पाहावं तर काही टॅब पूर्ण भरलेले, काही चाळीस टक्क्यांवर अडकलेले आणि काही सुरूच होत नाहीत. मग ‘आपल्याकडे लाइटच पुरत नाही’ असं म्हणून सगळा संच कपाटात जातो. यात पुरवठ्याचा दोष क्वचितच असतो. खरी गडबड मीटरपासून टॅबपर्यंतच्या शेवटच्या काही फुटांत असते: सॉकेट, पिन, चार्जर, केबल आणि वेळापत्रक. हे सगळं शाळेच्या हातातलं आहे.

प्रश्न नवा नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाडा इथल्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमाचे छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. जिथे विजेचा भरवसा नाही अशा गावांसाठी ते मुद्दाम कमी वीज खाणारे घडवलेले होते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ टॅब आला. त्याची बॅटरी अवघी २१०० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे दिवसात पुन्हा पुन्हा चार्जिंग आलंच. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. आता देणगीदार, कंपन्या आणि लोकवर्गणी यांतून खेड्यापाड्यांतल्या शाळांतही टॅब पोहोचले आहेत. यंत्रं सुधारत गेली, पण वर्गखोली बहुतेक ठिकाणी तीच राहिली: एक ट्यूब, दोन पंखे आणि दाराजवळच्या बोर्डावर एखादं सॉकेट.

आधी कागदावर हिशोब

शाळेत येणाऱ्या आठ-दहा इंची टॅबची बॅटरी साधारण ५,००० ते ८,००० मिलिअँपिअर-तासांची असते. ७,००० धरले, तर ३.८५ व्होल्टने गुणून सुमारे २७ वॅट-तास होतात. तीस टॅबचे झाले ८१० वॅट-तास. चार्जरमध्ये आणि बॅटरीत उष्णतेपायी वाया जाणारी वीज जमेस धरली, तरी सगळे टॅब पूर्ण रिकामे असताना भरायला एक युनिट किंवा त्याहून थोडी जास्त वीज लागते. महिन्यात वीस दिवस असं केलं, तर विसाच्या थोडे वर युनिट. शाळेच्या बिलात ही वाढ फार मोठी नाही, आणि समग्र शिक्षेच्या संयुक्त शाळा अनुदानातून वीजबिलाचा खर्च करता येतो.

आता एका वेळचा भार. १० वॅटचे तीस चार्जर म्हणजे ३०० वॅट. चार्जरमधली घट धरून भिंतीतून साधारण ३६० वॅट. २३० व्होल्टला हे दीड-पावणेदोन अँपिअर व्हायला हवेत. प्रत्यक्षात जास्त भरतात. छोटे चार्जर विजेच्या लहरीच्या फक्त शेंड्यावर प्रवाह ओढतात, त्यामुळे त्यांचा पॉवर फॅक्टर साधारण अर्ध्याच्या आसपास असतो. वायरमधून वाहणारा प्रवाह त्यामुळे तीन अँपिअरच्या घरात जातो. मीटर पैसे वॅटचे मोजतो. वायर, सॉकेट आणि इन्व्हर्टर यांना मात्र पूर्ण प्रवाह सोसावा लागतो.

चार्जरच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावावी. तिथे ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ०.३५ अँपिअर’ असं काहीसं छापलेलं असतं. ०.३५ ला तिसाने गुणलं की साडेदहा अँपिअर होतात. हा आकडा सर्वांत कमी व्होल्टेजला लागणाऱ्या जास्तीत जास्त प्रवाहाचा आहे, आपल्याकडे एवढा प्रवाह वाहत नाही. तरी वायरिंगची आखणी याच आकड्यावर करावी. म्हणजे तीस चार्जर एका ६ अँपिअरच्या सॉकेटवर न लादता १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्यावा, त्याला मीटरच्या बोर्डापासून अडीच एमएमची तांब्याची वायर ओढावी आणि त्याचा एमसीबी वेगळा ठेवावा. वायरमनचं हे एका दिवसाचं काम आहे.

एमसीबी नेमका लाइट आल्यावर का पडतो

दिवसभर सुरळीत चाललेला एमसीबी लाइट जाऊन परत आली की धाडकन पडतो, याचं अनेकांना कोडं पडतं. प्रत्येक चार्जरमध्ये एक कपॅसिटर असतो. वीज येते त्या क्षणी तो रिकामा असतो आणि भरताना सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरता नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. एकट्या चार्जरचं हे ओढणं कुणाला जाणवतही नाही. तीस चार्जर एकाच क्षणी असं करतात तेव्हा एमसीबीला ते शॉर्ट सर्किटसारखं दिसतं. ‘सी’ प्रकारचा ६ अँपिअरचा एमसीबी ३० ते ६० अँपिअरच्या झटक्याला लगेच पडतो. ‘बी’ प्रकारचा तर १८ ते ३० अँपिअरलाच.

उपाय दोन. लाइट गेली की चार्जिंगच्या बोर्डांची बटणं बंद करावीत आणि ती आल्यावर एकेक बोर्ड थोड्या थोड्या अंतराने सुरू करावा. दुसरा उपाय म्हणजे तीस चार्जर तीन बोर्डांवर वाटून प्रत्येकाला स्वतंत्र बटण देणं. चार्जिंगच्या तयार ट्रॉल्यांमध्ये हेच काम टायमर करतो. एमसीबी पडतो म्हणून वायर तीच ठेवून मोठा एमसीबी बसवणं मात्र कधीच करू नये. मग तापणाऱ्या वायरला वाचवणारं काही उरत नाही.

बोर्डावर बोर्ड

आगीचा खरा धोका सैल जोडात असतो. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या वापराने फाकतात, चार्जरचं वजन पिनेवर लोंबकळतं आणि धातूला धातू नीट टेकत नाही. अशा जोडात समजा अर्धा ओहम रोध तयार झाला आणि त्यातून तीन अँपिअर गेले, तर साडेचार वॅट उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत साठते. तास-दोन तासांत प्लास्टिक मऊ पडतं, पट्टी आणखी फाकते आणि रोध आणखी वाढतो. सॉकेटच्या भोकांभोवती पिवळसर-तपकिरी डाग दिसले की ते सॉकेट त्याच दिवशी बदलावं.

एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा आणि दुसऱ्यात तिसरा, ही रचना याचसाठी वाईट. शेवटच्या बोर्डाचा सगळा भार पहिल्याच्या एका पिनेतून जातो. प्रत्येक बोर्ड थेट भिंतीतल्या सॉकेटला लावावा. त्याची वायर गुंडाळलेल्या स्थितीत ठेवू नये, कारण वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. वायर पायदळी, सतरंजीखाली किंवा दाराच्या फटीतून नेऊ नये. बोर्डावर आयएसआय चिन्ह आणि अँपिअरचा आकडा आहे ना, हे विकत घेतानाच पाहावं.

तपासणी सोपी आहे. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने भिंतीवरचं बटण बंद करावं, पिन काढावी आणि तिच्या प्लास्टिकला हात लावावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर जोड सैल आहे. हे काम शिक्षकाने करावं, मुलांवर सोपवू नये.

सगळा घोळ केबलचा

‘टॅब खराब झाला’ म्हणून बाजूला ठेवलेल्या यंत्रांतली बरीच केबल बदलताच पुन्हा नीट चार्ज होऊ लागतात. कारण साधं आहे. यूएसबीचा दाब अवघा ५ व्होल्टचा. २३० व्होल्टच्या वायरमध्ये अर्धा व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही. ५ व्होल्टमधून अर्धा गेला तर दहा टक्केच गेले.

केबलच्या अंगावर फिक्या अक्षरांत ‘२८ एडब्ल्यूजी’, ‘२४ एडब्ल्यूजी’ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ क्रमांकाच्या तारेत दर मीटरला सुमारे ०.२१ ओहम रोध असतो. वीज जाते एका तारेने आणि परतते दुसरीने, म्हणून एक मीटर केबलचा रोध ०.४२ ओहमच्या वर होतो. २ अँपिअर प्रवाहाला त्यात ०.८५ व्होल्ट खर्ची पडतात आणि टॅबपाशी जेमतेम ४.१५ व्होल्ट पोहोचतात. टॅब हे ओळखतो आणि आपणहून प्रवाह कमी करतो. पडद्यावर चार्जिंगचं चिन्ह दिसत राहतं, टक्के मात्र वाढत नाहीत. तीच केबल २४ क्रमांकाच्या तारेची असेल तर घट ०.३४ व्होल्टवर येते. केबलवर बहुधा दोन आकडे असतात. त्यांतला वीज वाहणाऱ्या तारांचा आकडा पाहायचा, माहिती वाहणाऱ्या तारांचा नव्हे. कपाटात टॅब चार्जरच्या जवळ असतील तर एक फुटाच्या केबल पुरतात, आणि त्यांत घटही कमी होते.

यूएसबीला लावायचा छोटा मीटर बाजारात मिळतो. तो व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो. शाळेने असा एक तरी ठेवावा. एका अडलेल्या टॅबसाठी क्रम असा: प्रथम केबल बदलून पाहावी, मग चार्जर, मग टॅबच्या चार्जिंगच्या खाचेत खडूची भुकटी किंवा कापूस अडकला आहे का ते पाहावं. भुकटी लाकडी काडीने हलकेच काढावी. टाचणी घालू नये. इतकं करूनही प्रवाह वाढला नाही, तरच टॅब दुरुस्तीला पाठवावा. प्रत्येक टॅब, चार्जर आणि केबल यांना एकच क्रमांक चिकटवला, तर दोष कुठे आहे हे नोंदवहीवरूनही कळतं.

दहा पोर्टांचा चार्जर

एकच डबा, दहा पोर्ट, सॉकेट एकच लागतं. कल्पना चांगली आहे, पण घेताना एकूण वॅट पाहावेत. ‘प्रत्येक पोर्टला २.४ अँपिअर’ अशी जाहिरात असते. दहा पोर्टांना त्याप्रमाणे १२० वॅट हवेत. डब्याची एकूण क्षमता ६० वॅट असेल, तर दहाही पोर्ट भरल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला १.२ अँपिअर येतात आणि चार्जिंगचा वेळ दुप्पट होतो. टाइप-सी पोर्टांच्या डब्यांत आणखी एक गोष्ट घडते: नवी केबल लावताच डबा विजेची नव्याने वाटणी करतो आणि आधीच्या टॅबचं चार्जिंग क्षणभर थांबतं. तो बिघाड नव्हे.

संगणकाला जोडायचा यूएसबी हब या कामाचा नाही. संगणकाच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून अर्धा अँपिअर, नव्यातून ०.९ अँपिअर मिळण्याची सोय असते. अर्ध्या अँपिअरवर २७ वॅट-तासांची बॅटरी भरायला दहा तासांहून जास्त लागतात, आणि पडदा चालू ठेवला तर ती भरतच नाही.

चार्जर कुठलाही घ्या, त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. हा क्रमांक खरा आहे का, ते ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतं. रस्त्यावरच्या स्वस्त चार्जरमध्ये २३० व्होल्टची आणि ५ व्होल्टची बाजू यांत पुरेसं अंतर नसण्याची भीती असते, आणि तो दोष थेट मुलांच्या हातातल्या टॅबपर्यंत पोहोचतो.

पाळ्या लावल्या की निम्मा प्रश्न सुटतो

लिथियम बॅटरी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते, शेवटचे २० टक्के फार सावकाश. वर्गातल्या वापरासाठी ८० टक्के पुरेसे असतात आणि बॅटरीही जास्त टिकते. तीस टॅबचे पंधरा-पंधराचे दोन गट करावेत. सकाळच्या सत्रात एक गट दोन मुलांमागे एक या हिशोबाने वापरात आणि दुसरा चार्जिंगला. मधल्या सुट्टीनंतर अदलाबदल. १० वॅटच्या चार्जरवर अडीच-तीन तासांत बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास जाते. एका वेळचा भार निम्मा होतो, पंधरा चार्जर पुरतात आणि सगळं काम शिक्षकांच्या डोळ्यांसमोर होतं.

शाळा कुलूपबंद करून रात्रभर चार्जिंग सुरू ठेवणं टाळावंच. वसतिगृहांतही चार्जिंगची जागा आणि वेळ ठरवून द्यावी. उशीखाली, पांघरुणात टॅब चार्ज होता कामा नये.

कपाट आणि उन्हाळा

चोरीच्या भीतीने टॅब गोदरेजच्या कपाटात चार्ज केले जातात. तीस टॅब आणि चार्जर मिळून साधारण १०० वॅट उष्णता आत सोडतात. कपाट बंद असेल तर ती जाणार कुठे? लिथियम बॅटरी ४५ अंशांपुढे चार्ज करू नये, आणि अ‍ॅपल आयपॅडच्या वापरासाठी ० ते ३५ अंशांचीच मर्यादा सांगते. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याखालची वर्गखोलीच ही ३५ अंशांची मर्यादा ओलांडते. टॅब मग चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. तिकडे मार्चपासून चार्जिंग सकाळच्या शाळेच्या वेळातच उरकावं. कपाटाला खाली-वर जाळीची भोकं पाडावीत, टॅब आडवे एकावर एक न रचता मधे बोटभर अंतर ठेवून उभे लावावेत आणि चार्जरचे बोर्ड टॅबच्या खणात न ठेवता वरच्या वेगळ्या खणात ठेवावेत.

कपाट लोखंडी असेल तर त्याला अर्थिंग हवंच. आत एखादी वायर सोलली गेली, तर अख्खं कपाट जिवंत होतं. चार्जिंगच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) बसवावा आणि त्यावरचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून पाहावं. शाळेच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची आठवण ठेवावी; कोरड्या मातीत अर्थिंग नावापुरतंच उरतं.

कमी व्होल्टेज, जास्त व्होल्टेज, वीज कडाडणं

नियमानुसार ग्राहकाला २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली पुरवठा मिळायला हवा. रोहित्रापासून लांबच्या वस्तीवर तो १६०-१७० पर्यंत उतरतो, पंखे रांगतात. टॅबचे चार्जर मात्र १०० व्होल्टपर्यंत चालतात. कमी व्होल्टेजला ते जास्त प्रवाह ओढतात, एवढंच. तीनच्या जागी चार अँपिअर वाहतात आणि सैल जोड आणखी तापतात. व्होल्टेज सतत कमी असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार करावी. दूरध्वनीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

जास्त व्होल्टेज जास्त घातक. खांबावरची न्यूट्रल तुटली की एकेका घरात ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो, आणि त्या क्षणी लावलेले सगळे चार्जर एकदम जातात. यासाठी सिंगल फेजचा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवावा. तो दाब मर्यादेबाहेर गेला की लाइन तोडतो आणि वीज परतल्यावर काही वेळ थांबून जोडतो. पावसाळ्याच्या तोंडाशी गडगडाट सुरू झाला की मात्र बटण बंद करून भागत नाही, पिनाच काढाव्यात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देतं.

इन्व्हर्टर आणि सोलर

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. बॅटरी टिकवायची तर त्यांतले निम्मेच वापरावेत. तीस रिकामे टॅब भरायला एक युनिट लागतं, म्हणजे ही बॅटरी एका फेरीतच संपते आणि पंख्यांना काही उरत नाही. शिवाय ३६० वॅटचा भार पॉवर फॅक्टरमुळे ६०० व्हीएच्या पुढे जातो, म्हणून संगणकाचा छोटा यूपीएस तो पेलत नाही. छतावर एक किलोवॅटचं सोलर असेल तर उन्हाच्या दिवशी चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. टॅब दुपारी अकरा ते तीनमध्ये थेट त्यावर चार्ज करावेत. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून थेट यूएसबी काढायची असेल तर लक्षात ठेवावं, की त्या दाबाला ३६० वॅट म्हणजे ३० अँपिअर. जाड वायर आणि बॅटरीलगत फ्यूज नसेल तर हा प्रयोग करू नये.

सुट्ट्या आणि फुगलेल्या बॅटऱ्या

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत टॅब निम्मे चार्ज करून, बंद करून ठेवावेत. शून्यावर ठेवलेली बॅटरी महिना-दोन महिन्यांत इतकी उतरते, की चार्जरलाही दाद देत नाही. पाठीचं कव्हर उचललेलं किंवा पडदा कडेने सुटलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. तो टॅब दाबू नये, चार्ज करू नये, उघडू नये. कोरड्या जागी, कागद-कापडापासून दूर ठेवून ई-कचरा स्वीकारणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा.

टॅब स्वीकारण्याआधी

देणगीदार टॅबची संख्या विचारतात, वायरिंगची क्वचितच. शाळा व्यवस्थापन समितीने टॅबसोबतच पुढच्या गोष्टी मागणीपत्रात लिहाव्यात: १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, त्याचा एमसीबी आणि आरसीसीबी, व्होल्टेज प्रोटेक्टर, भोकं असलेलं, अर्थिंग केलेलं कपाट, बटणवाले तीन बोर्ड, दहा टॅबमागे एक जादा चार्जर आणि दोन जादा केबल, एक यूएसबी मीटर. काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावं आणि त्याने काढलेली साधी आकृती कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. बदली होऊन नवे शिक्षक आले, तरी कुठलं बटण आधी दाबायचं आणि कुठला एमसीबी कशाचा, हे त्यांना त्या कागदावरून कळेल.